घाट दिसतो, वारा दिसत नाही

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर तळेगाव आणि देहूरोडच्या मधे सोमाटणे लागतं. जवळच घोरावडेश्वराचा डोंगर, त्याच्या पोटात कोरलेली लेणी, आणि फाट्यावरून शिरगाव-परंदवडीकडे वळणारा रस्ता. थोड्या अंतरावरून द्रुतगती मार्ग जातो. त्या मार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. त्यामुळे जे काही हळू चालतं, ओढलं जातं, टोचन लावून नेलं जातं, ते सगळं या जुन्या रस्त्यानं जातं. गळिताच्या हंगामात कासारसाई-दारुंब्र्याच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, मंडपवाल्यांचे जनरेटर, काँक्रीटचे मिक्सर, जीपच्या मागे लावलेले दोन चाकांचे छोटे ट्रेलर. त्यांतल्या बहुतेकांवर एक ताडपत्री असते आणि ती वाऱ्यावर फडफडत असते.

श्रोतेहो, आज मला बोलायचंय ते या फडफडीबद्दल. ती ताडपत्री फडफडते याचा अर्थ कुणीतरी तिला हलवतंय, आणि त्या हलवण्याचे पैसे डिझेलच्या पंपावर आपणच भरतोय. गाडीच्या मागच्या छोट्या डब्यावर नीट आकाराचं झाकण घरच्या घरी बसवावं, म्हणजे वारा कमी अडेल, ही कल्पना आज नवी वाटते. पण तिला चांगला मोठा इतिहास आहे. त्यात आयफेल टॉवर आहे, विमानं बांधणारे कारागीर आहेत आणि सायकलवरून कामाला जाणारा एक इंजिनिअरही आहे. आणि त्याची सुरुवात आपल्या बैलगाडीपासून करता येते.

आपल्याकडे झाकलेल्या गाड्या पूर्वीपासून होत्या. दमणी होती, सारवट गाडी होती. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवायच्या, त्यावर तट्ट्या किंवा जाड कापड ताणायचं, की झालं छप्पर. कमान गोल का? कारण बांबू वाकवला की तो गोलच होतो, गोल छपरावर पाणी साठत नाही, आणि कमी सामानात जास्त जागा झाकली जाते. सुताराच्या डोक्यात ऊन होतं, पाऊस होता, माणसांचा आडोसा होता. वारा कापायचा विचार त्यात नव्हता आणि तो नव्हता हे अगदी बरोबर होतं. का, ते थोडा हिशेब केला की कळतं.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट केला की अडथळा चौपट होतो. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी सपाट फळी गाडीवर उभी बांधली आणि गाडी ताशी ८० किलोमीटरनं नेली, तर मावळच्या हवेत त्या फळीवर साधारण ३० किलोंचा जोर येतो. ४० च्या वेगाला तो साडेसात किलोंवर येतो. ट्रॅक्टरच्या २५ च्या वेगाला जेमतेम तीन किलो. आणि बैल ताशी चार किलोमीटर चालले, तर तोच जोर ७५ ग्रॅम, म्हणजे एका मध्यम कांद्याच्या वजनाइतका. एवढ्यासाठी कोण आकाराचा विचार करील? बैलांच्या जिवावर येतं ते वजन आणि चढ. मावळात शर्यतीचा छकडा हलक्यात हलका करतात, ते याच शहाणपणातून.

म्हणून या भागात शतकानुशतकं माणसाचं भांडण चाललं ते चढाशी. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीच्या काळात खंडाळ्याच्या घाटात लष्करी कामासाठी रस्ता झाला. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला आणि चाकांची वाहनं घाट चढू लागली. १८६३ मध्ये रेल्वे घाटावर आली, तीही सरळ चढता येईना म्हणून मधे एका ठिकाणी गाडीची दिशा उलटवून. २००२ मध्ये सुमारे ९४ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, बोगदे झाले, चढ सुसह्य झाला. दोनशे वर्षांत घाट हळूहळू नमत गेला. पण त्याच वेळी गाड्यांचा वेग वाढला आणि जो शत्रू बैलगाडीला कांद्याएवढा होता, तो मोठा झाला.

किती मोठा? आणखी एक हिशेब करू. अर्ध्या टनाचा भरलेला ट्रेलर आहे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत तो सुमारे साडेपाचशे मीटर उंच चढवायचा. ५०० किलो गुणिले ५५० मीटर, म्हणजे पावणेतीन लाख किलोग्रॅम-मीटर एवढं काम. आता तोच ट्रेलर सपाट तोंडाचा, एक चौरस मीटरचा. वाऱ्याचा जोर ३० किलो. कळंबोलीपासून इकडे ९० किलोमीटर, म्हणजे ९० हजार मीटर. गुणाकार करा, सत्तावीस लाख. घाट चढवण्याच्या कामाच्या दहापट! पुढच्या गाडीचा आडोसा मिळतो म्हणून निम्मं सोडून द्या, घाटात वेग कमी असतो म्हणून आणखी थोडं सोडा, तरी वाऱ्याचं बिल घाटाच्या बिलापेक्षा चौपट-पाचपट उरतं. पण घाटात इंजिन गुरगुरतं, काटा वर चढतो, आपण हळहळतो. वारा मात्र उर्से-कामशेतच्या सपाटीवर गाणी ऐकत चाललेल्या माणसाच्या खिशात हात घालतो आणि त्याला पत्ता लागत नाही.

हा वारा पहिल्यांदा पद्धतशीर मोजणाऱ्यांत गुस्ताव्ह आयफेल यांचं नाव येतं. पॅरिसचा मनोरा बांधणारे तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्याच मनोऱ्यावरून निरनिराळ्या आकारांच्या फळ्या तारेच्या आधारानं खाली सोडल्या आणि हवा त्यांना किती अडवते हे मोजलं. पुढे १९०९ मध्ये त्यांनी मनोऱ्याच्या पायथ्याशी वाऱ्याचा बोगदा उभारला. वस्तू स्थिर ठेवायची आणि हवा तिच्यावर सोडायची. अशा मोजण्यांतून एक गोष्ट स्पष्ट होत गेली. हवेला समोरचं तोंड आवडत नाही हे खरं, पण तिचा खरा राग शेपटीवर असतो.

हे जरा समजावून सांगतो. चौकोनी खोका हवेतून चालला की समोरची हवा बाजूला ढकलली जाते. खोका पुढे गेल्यावर त्याच्या पाठीमागे पोकळी पडते. ती भरायला हवा धावते, पण कडा एकदम संपलेल्या असतात, त्यामुळे ती गरगरते, भोवरे होतात. पाठीमागचा दाब कमी पडतो आणि खोका मागे ओढला जातो. ट्रक धुळीच्या रस्त्यानं गेला की त्याच्या मागच्या फाळक्याला जी धूळ चिकटते, ती याच भोवऱ्यांनी आणलेली. उलट मासा पाहा. डोकं गोल आणि शेपटी हळूहळू निमुळती. पाणी त्याच्या अंगावरून घसरत शेवटी शांतपणे एकत्र येतं. मोकळ्या हवेत असा आकार आणि तेवढ्याच तोंडाचा ठोकळा घेतला, तर माशाच्या आकाराला अडथळा सुमारे विसावा हिस्सा होतो.

या आकाराला थेंबाचा आकार म्हणायची पद्धत पडली. (खरं तर पावसाचा पडणारा मोठा थेंब खालून चपटा असतो, पण नाव पडलं ते पडलं.) १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात एडमंड रुम्पलर या विमान बांधणाऱ्यानं 'थेंब मोटार' आणली. लोक हसले, गाडी फारशी खपली नाही. १९७९ मध्ये फोक्सवॅगननं तिची एक जुनी प्रत आपल्या वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून मोजली, तेव्हा तिचा अडथळ्याचा आकडा ०.२८ निघाला. त्या काळच्या नव्याकोऱ्या मोटारींनाही हेवा वाटावा असा. पुढे १९३० च्या दशकात जर्मनीतल्या वुनिबाल्ड काम यांनी आणखी व्यवहाराची गोष्ट दाखवली. शेपटी टोकापर्यंत नेण्याची गरज नाही. ती हळूहळू निमुळती करत आणा आणि मधेच सरळ कापून टाका, तरी बराचसा फायदा पदरात पडतो. लांबलचक शेपटीची गाडी कुठे उभी करणार, हा प्रश्न त्यामुळे सुटला.

आता ओढायच्या डब्यांकडे येऊ. अमेरिकेत त्याच दशकात मंदी होती. हॉटेलला पैसे नव्हते, पण मोटारी होत्या. लोकांनी मोटारीच्या मागे लावायचे छोटे झोपायचे डबे घरी बांधायला सुरुवात केली. पुढून गोल, मागे उतरतं छप्पर, आत दोन माणसं आडवी होतील एवढी जागा आणि मागचं झाकण उचललं की स्टोव्ह, भांडी. त्यांना 'टिअरड्रॉप', म्हणजे अश्रूच्या आकाराचे ट्रेलर म्हणत. मासिकांत त्यांचे आराखडे छापून येत. वॉली बायम नावाचा एक जाहिरात आणि मासिकांच्या धंद्यातला माणूस असे आराखडे विकता विकता स्वतःच ट्रेलर बांधू लागला.

दुसरीकडे हॉले बोलस हा ग्लायडर बांधणारा माणूस होता. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग ज्या विमानातून एकट्यानं अटलांटिक ओलांडून गेला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणाऱ्यांत तो होता. त्यानं १९३४ मध्ये विमानासारखाच ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट ठोकून एक गुळगुळीत ट्रेलर केला. तो धंदा चालला नाही. पण तीच पद्धत पुढे नेऊन बायमनं १९३६ मध्ये 'एअरस्ट्रीम क्लिपर' आणला, आणि तो चांदीसारखा चमकणारा डबा पुढे जगभर ओळखीचा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमचे पत्रे, विमानाच्या कारखान्यात हात बसलेले कामगार आणि प्लायवूड हे सगळं सहज मिळू लागलं, तेव्हा गॅरेजमध्ये थेंबाच्या आकाराचे डबे बांधण्याची हौस आणखी पसरली. विमान उडवायला जे ज्ञान लागलं, ते असं सुताराच्या टेबलावर उतरलं.

मालवाहतूक मात्र चौकोनीच राहिली. खोक्यात खोकी नीट बसतात, हे कारण पटण्यासारखं होतं. त्याला धक्का दिला तो एका सायकलस्वारानं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात नासाचं एक विमान संशोधन केंद्र आहे. तिथले इंजिनिअर एडविन साल्ट्झमन १९७३ मध्ये सायकलवरून कामाला जात. शेजारून मोठा ट्रक गेला की आधी हवेचा लोट त्यांना बाजूला ढकले आणि ट्रक पुढे सरकताच मागची हवा त्यांना रस्त्याकडे खेचून घेई. आपल्याकडे हायवेवरून सायकलनं किंवा लुनानं गेलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. आपण शिवी देतो आणि हँडल घट्ट धरतो. साल्ट्झमन यांना वाटलं, विमानासाठी आपण जे करतो ते ट्रकसाठी का करू नये? त्याच वर्षाच्या शेवटी तेलाचं जागतिक संकट आलं आणि या प्रश्नाला पैशाचं बळ मिळालं.

त्यांनी काय केलं, तर एका साध्या व्हॅनवर सांगाडा बांधून त्याला सपाट पत्रे मारले आणि मुद्दाम बुटांच्या खोक्यासारखी कुरूप गाडी केली. मग तिच्या कडा एकेक करून गोल करत गेले आणि दर वेळी मोजलं. उभ्या कडा गोल केल्या तशी सुमारे ४० टक्के हवा कमी अडली. आडव्याही केल्यावर अडथळा निम्म्याहून जास्त घटला. आणि आतली जागा किती गेली? जेमतेम तीन टक्के. म्हणजे शंभर पेट्यांच्या जागी सत्त्याण्णव. नंतर गाडीच्या पोटाखालचा भाग झाकला, मागे निमुळती शेपटी लावली, तसा आणखी फायदा झाला. मोजायची पद्धत तर इतकी सोपी की शाळेतल्या मुलालाही कळेल. गाडी वेगात आणायची, गिअर काढून मोकळी सोडायची आणि वेग किती वेळात उतरतो ते पाहायचं. जास्त वेळ लागला, तर वारा कमी अडतोय. आज जगभर ट्रकच्या केबिनवर दिसणारे वाकडे टोप आणि गोल कडा यांच्यामागे अशा प्रयोगांचा मोठा हात आहे. युरोपात तर २०१५ मध्ये कायदा बदलून ट्रकच्या पाठीला निमुळते पंख लावायला लांबीच्या मर्यादेत सवलत दिली गेली.

मग आपल्या सोमाटण्याच्या रस्त्यावरच्या छोट्या ट्रेलरनं यातून काय घ्यावं?

पहिली गोष्ट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी हा खटाटोप करू नये. तीन किलोंच्या वाऱ्यासाठी प्लायवूड फुकट जाईल. तिथं ताडपत्री घट्ट बांधणं पुरे. पण जीप किंवा मोटारीच्या मागे ६०-७०-८० च्या वेगानं रोज जाणारा डबा असेल, कुणी फुलं नेत असेल, कुणी केटरिंगचं सामान, तर विचार जरूर करावा.

दुसरी गोष्ट, डब्याची उंची आणि रुंदी ओढणाऱ्या गाडीपेक्षा जास्त नसावी. गाडीच्या सावलीत चाललेल्या डब्याला तोंडावर वारा कमी लागतो. मग सगळं लक्ष कडांवर आणि शेपटीवर देता येतं. कडेची गोलाई रुंदीच्या दहाव्या भागाइतकी असली तरी बरंच काम होतं. सव्वा मीटर रुंद डब्याला सहा-सात बोटांची गोलाई आली की झालं. मागे छप्पर आणि दोन्ही बाजू हळूहळू आत घ्यायच्या, पण दर मीटर लांबीला फार तर एक वीत. त्याहून जास्त उतार दिला की हवा अंग सोडते, पुन्हा भोवरे होतात आणि केलेली मेहनत वाया जाते. तेवढं निमुळतं करून काम यांच्या सल्ल्यानं सरळ कापून टाकायचं.

बांधणी आपल्या सुतारांना मुळीच अवघड नाही. दमणीचीच रीत आहे. जाड प्लायवूडच्या फासळ्या एकाच कागदी नमुन्यावरून कापायच्या, आडव्या पट्ट्यांनी जोडायच्या आणि वर पातळ प्लाय ओलं करून वाकवत बसवायचं. त्यावर कापड आणि रंग, किंवा फायबर ग्लास. मावळच्या पावसात प्लायच्या कडा आधी फुगतात, म्हणून कडांना जास्त रंग. सगळं हलकं हवं, पण सांगाड्याला बोल्टनं पक्कं बसलेलं हवं. गोल छपराला वेगात वर उचलण्याची ओढ असते. शेवटी विमानाच्या पंखाचाच तो दूरचा नातलग.

आणि इथेच सगळ्यात महत्त्वाची सूचना. आकार कितीही चांगला असो, भार चुकला तर ट्रेलर जीव घेतो. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग पुढच्या हुकावर यायला हवा. जड सामान मागे रचलं की हूक हलका होतो, डबा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही फिरवतो. बाजूनं आलेल्या वाऱ्यानं हे झोके आणखी वाढतात. त्यामुळे जड सामान तळाशी आणि चाकांच्या थोडं पुढे. मागचे दिवे, इंडिकेटर, नंबर, रिफ्लेक्टर यांतलं काहीही नव्या शेपटीखाली लपता कामा नये. रात्री मागून येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला तुमची गोलाई दिसत नाही, फक्त लाल दिवा दिसतो. ट्रेलरची नोंदणी लागते आणि त्याच्या बांधणीत बदल करायचा तर आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यायला हवं.

काम झाल्यावर जमलं की नाही हे कसं कळणार? त्यासाठी नासा लागत नाही. लोकरीचे बोटभर लांबीचे धागे चिकटपट्टीनं डब्यावर सगळीकडे लावा. निवांत रस्त्यावर एकानं गाडी चालवावी आणि दुसऱ्यानं दुसऱ्या गाडीतून, सुरक्षित अंतरावरून पाहावं. धागे शांतपणे मागे झोपले, तर हवा अंगाला धरून चालली आहे. जिथे ते वेडेवाकडे नाचतात, तिथे भोवरा आहे आणि तिथे रंधा फिरवायचा. त्यानंतर महिनाभर डिझेलची वही ठेवायची. त्याच रस्त्यानं, तेवढ्याच सामानानं, आधीचं झाकण आणि नंतरचं झाकण. वहीतला आकडा बदलला नाही, तर झाकण पावसापुरतं चांगलं म्हणायचं. बदलला, तर तो दर फेरीला बदलत राहील.

माल्कमचा रस्ता व्हायला सरकार लागलं, रेल्वेला कंपनी लागली, द्रुतगती मार्गाला महामंडळ लागलं. घाट कमी करणं कुणा एकाच्या हातचं काम नव्हतं. वारा कमी करायला मात्र एक सुतार, दोन प्लायवूड आणि लोकरीचा गुंडा पुरतो. पूर्वी बांबू वाकवून गाडीवर कमान बांधणारे हात या भागात होतेच. त्यांना तेव्हा वाऱ्याची गरज पडली नव्हती, एवढंच.